किल्ल्यांच्या जुडग्यांतील इवलेसें हत्यार

घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यांत काय काय असतें, याची एकदां मोजदाद करून पाहण्यासारखी आहे. दाराची किल्ली असते, कपाटाची असते, कोणत्या कुलपाची तें आतां कोणासहि आठवत नाहीं अशी एक तरी किल्ली असतेच. शिवाय एखाद्या देवस्थानाहून आणलेला पितळी बिल्ला, आणि अलीकडे कित्येकांच्या जुडग्यांत अंगठ्याएवढी विजेरी. या मंडळींत आणखी एक पाहुणा कधीं कधीं दिसतो. पोलादाची दीड इंच लांबीची पट्टी आणि तिला बिजागरीनें जोडलेलें, पोपटाच्या चोंचीसारखें वांकडें, इवलेसें पातें. पत्र्याचे बंद डबे उघडण्याचा हा घडीचा ओपनर. अमेरिकेहून येणाऱ्या एखाद्या भाच्यानें तो भेट म्हणून आणलेला असतो, किंवा डोंगर चढणाऱ्या तरुणांनीं आपल्या साहित्याबरोबर विकत घेतलेला असतो. त्याच्या एका टोंकाला भोंक असतें. तेव्हां त्याची जागा जुडग्यांतच, असें पाहणाऱ्याच्या सहज मनांत येतें. तें चूक नाहीं. परंतु त्या भोंकांत कडी ओंवली म्हणजे काम संपलें असें समजणें मात्र चूक आहे, आणि ती चूक बोटाला, मांडीला किंवा घरांतील लहान मुलाला भोंवते.

या साधनाची कुळकथा थोडी पाहिली, तर त्यांतील गुण आणि दोष दोन्हीं समजण्यास सोपें जाईल. डबा आधीं आला आणि तो उघडण्याचें साधन मागाहून आलें, ही या विषयांतील पहिली गंमत. फ्रान्समध्यें निकोला आपेर यानें अन्न कांचेच्या बाटल्यांत भरून, बुचें घट्ट बसवून, त्या बाटल्या उकळून तें टिकविण्याची रीत सिद्ध केली आणि १८१० मध्यें त्याला सरकारकडून १२,००० फ्रँकचें पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं इंग्लंडमध्यें पीटर ड्युरंड यानें कल्हई केलेल्या लोखंडी पत्र्याच्या डब्यांचें पेटंट घेतलें. डबे झाले, जहाजांवर चढले, पलटणींबरोबर हिंडले; परंतु ते उघडावयाचे कसे, तर छिन्नी आणि हातोडीनें! अमेरिकेंत डबा उघडण्याच्या साधनाचें पहिलें पेटंट एझ्रा वॉर्नर यानें घेतलें तें १८५८ सालीं, म्हणजे ड्युरंडच्या डब्यानंतर ४८ वर्षांनीं. तें हत्यारहि असें कीं, संगीन आणि कोयता यांचें लग्न लावल्यासारखें. फिरत्या चाकाचा ओपनर विल्यम लायमन यानें १८७० मध्यें काढला. स्वयंपाकघरांत आज दिसणारे किल्लीसारखी मूठ फिरविण्याचे ओपनर त्याच कल्पनेचे वंशज आहेत.

घडीचा ओपनर मात्र युद्धकाळाचें अपत्य आहे. शिपायाच्या पाठीवर आधींच ओझें फार. त्याला मुठीचा आणि चाकाचा ओपनर देऊन चालण्यासारखें नव्हतें. अमेरिकन सैन्याच्या शिकागो येथील शिधा-संशोधनशाळेंत १९४२ च्या उन्हाळ्यांत हें छोटें साधन तयार झालें. तें घडविण्याचें श्रेय मेजर टॉमस डेनेही यांस दिलें जातें. लोकांनीं त्याला पी-३८ हें नांव ठेवलें. ३८ हा आंकडा कोठून आला, याविषयीं दोन मतें आहेत. शिध्याचा एक डबा पुरा उघडण्यास ३८ टोंचे मारावे लागतात म्हणून, असें शिपाई सांगत. दुसरे म्हणतात, ओपनरची लांबी ३८ मिलिमीटर आहे म्हणून. त्याच घडणीच्या ५१ मिलिमीटर लांबीच्या मोठ्या भावाला पी-५१ म्हणतात, हें ध्यानांत घेतां दुसरें मत अधिक पटतें. पण टोंचे मोजीत बसलेल्या भुकेल्या शिपायाची कथा अधिक रुचकर, म्हणून लोकांच्या तोंडीं तीच राहिली.

१९८० च्या सुमारास अमेरिकन सैन्याच्या शिध्यांतून पत्र्याचे डबे हळूहळू जाऊन त्यांच्या जागीं हातानें फाडतां येण्याजोग्या पिशव्या आल्या. ओपनरचें लष्करी काम जवळजवळ संपलें. तरी ज्यांनीं तो बाळगला होता त्या शिपायांनीं तो टाकला नाहीं. गळ्यांतील ओळखीच्या बिल्ल्याच्या साखळींत तो असे, तो तेथून निघाला आणि घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यांत येऊन बसला. स्क्रू फिरविणें, पुडक्याची दोरी कापणें, बुटाचा चिखल खरवडणें, अशीं पन्नास कामें त्यानें केलेलीं असतात. अशा वस्तूविषयीं माया वाटणें स्वाभाविक आहे. मात्र जे शिपाई गळ्यांतील साखळींत तो वागवीत, त्यांनाच प्रथम कळलें कीं, हा सोबती झोंपेंत छातीला बोचतो.

तो कां बोचतो, हें त्याच्या घडणींतच आहे. साध्या घडीच्या चाकूच्या पाठींत एक कमान असते. पातें मिटलें कीं ती कमान त्याला दाबून धरते आणि नखानें ओढल्याशिवाय तें बाहेर येत नाहीं. या ओपनरला कमान नाहीं, खटका नाहीं, चाप नाहीं. पट्टीचे दोन कान वळवून केलेली बिजागरी पात्याला जेवढी घट्ट धरील तेवढेंच तें मिटलेलें राहणार. फार तर पत्र्यावर उठविलेला एखादा बारीक उंचवटा त्याला अडवितो. नवा ओपनर उघडतांना नख दुखतें, इतका तो ताठ असतो, आणि तेथेंच माणसाची फसगत होते. तो ताठपणा कायमचा आहे असें त्याला वाटतें. पन्नास डबे उघडले, शंभर वेळां चाळा म्हणून पातें उघडलें-मिटलें, कीं बिजागरी सैल होते. पुढें जुडगा खिशांत हलूं लागला कीं एखादी किल्ली पात्याखालीं शिरते आणि कोणाच्या नकळत पातें काटकोनांत उभें राहतें. उभें राहिलेलें पातें हें मिटलेल्या पात्यासारखें निरुपद्रवी नव्हे. पत्रा फोडण्यासाठींच त्याचें टोंक घडविलेलें आहे. पत्रा ज्यानें फुटतो, त्याच्यापुढें सुती खिशाचें अस्तर तें काय आणि माणसाची कातडी ती काय!

खिसा फाटला तर नाणीं गळतात, एवढ्यावर निभावतें. पण जुडगा ही एका माणसाची वस्तु नसते, हा मुख्य मुद्दा आहे. तो घरभर फिरतो. कित्येक घरांतून अद्याप गृहिणी जुडगा कमरेला खोंचतात. तेथें पातें उघडलें तर वांकतांच टोंक थेट पोटाला लागतें. जुडगा इमारतीच्या पहारेकऱ्याकडे ठेवला जातो, मोटार हलविण्यासाठीं शेजाऱ्याला दिला जातो, अंधारांत पिशवीच्या तळाशीं हात घालून चांचपला जातो. त्या प्रत्येक हाताला आंत काय आहे हें ठाऊक असतेंच असें नाहीं. आणि सर्वांत काळजीची गोष्ट अशी कीं, रडणाऱ्या मुलाला गप्प करण्याचें जुडगा हें महाराष्ट्रांतील घरोघरचें खेळणें आहे.

कल्पना करावी कीं, दादरच्या एका ब्लॉकांत एक पेन्शनर गृहस्थ संध्याकाळीं फिरून घरीं आले आहेत. वर्षाचा नातू रडतो आहे. आजोबांनीं कोटाच्या खिशांतून जुडगा काढला, खुळखुळ वाजविला, मुलानें रडें थांबवून हात पुढें केला. इतक्यांत सून आंतून बाहेर आली.

"मामंजी, तो जुडगा अगोदर इकडे द्या पाहूं."

"अगं, नुसत्या किल्ल्या तर आहेत."

"किल्ल्या नव्हेत, तें डबे फोडायचें पातें उघडलेलें आहे."

"सकाळीं मींच मिटवलें होतें."

"आपण मिटवलें होतें, पण खिशांत तें मिटलेलें राहिलें नाहीं."

या संवादांत सुनेचें शेवटचें वाक्य हें साऱ्या विषयाचें सार आहे. आजोबांनीं निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांनीं पातें मिटविलें होतें. परंतु मिटविणें आणि मिटलेलें राहील अशी तजवीज करणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षाच्या मुलाची रीत अशी कीं, हातीं आलेली वस्तु तें प्रथम तोंडांत घालतें. तेथें चुकीला जागाच नाहीं. ज्या घरांत चारपांच वर्षांखालचें मूल आहे, त्या घरांत हा ओपनर जुडग्यांत नसावाच. त्यानें स्वयंपाकघरांतील उंच फळीवरच्या डब्यांत राहावें. याविषयीं तडजोड सुचविण्यासारखें कांहीं नाहीं.

ज्यांच्या घरीं ती अडचण नाहीं आणि ज्यांना ओपनर बरोबर हवाच आहे, त्यांनीं तो कसा बाळगावा, हें आतां पाहूं. प्रथम बिजागरीची परीक्षा. ओपनर मिटवून, कडीला धरून, मऊ गादीवर दहा-वीस वेळां आपटावा. पातें तसूभरहि हललें तर तो उघडा बाळगण्यास नालायक झाला. बिजागरीचे कान पक्कडीनें हलकेच दाबल्यास ती पुन्हां ताठ होते. पक्कडीच्या तोंडांत जाड कापड घालावें आणि दाब बेताचा द्यावा, नाहींतर पातें इतकें घट्ट बसतें कीं ऐन वेळीं नखहि तुटतें. शिवाय ही दुरुस्ती थोड्या दिवसांची. कान जितक्या वेळां वळवावे तितके ते दुबळे होतात.

दुसरा उपाय बांधण्याचा. पुष्कळ लोक ओपनरभोंवतीं कागदी पुडक्याचें रबर गुंडाळतात. घामानें आणि उन्हानें तें रबर महिना दीड महिन्यांत तुटतें, आणि तुटलें हें कळतें तें टोंक लागल्यावर. चिकटपट्टीचा उपाय याहूनहि वाईट. उन्हाळ्यांत तिचा गोंद पाझरतो, त्याला खिशांतली धूळ चिकटते आणि तोच गोंद पुढें डब्यांतील पदार्थांत उतरतो. त्यापेक्षां सायकलच्या जुन्या ट्यूबची अर्धा इंच रुंदीची वर्तुळाकार पट्टी कापावी आणि तिचे दोन-तीन वेढे ओपनरभोंवतीं तंग बसवावे. एक वेढा पात्याच्या टोंकावरून गेला पाहिजे, नुसता मधून गेला तर उपयोग नाहीं. ही पट्टी फुकट मिळते, लौकर कुजत नाहीं, आणि चिरा पडूं लागल्या तर डोळ्यांना दिसतात. गिऱ्हाइकाला देण्यासाठीं दुकानांत जें कांहीं मिळतें, त्याहून हें गॅरेजमधलें रबर अधिक विश्वासाचें आहे.

पण खरा उपाय म्यानाचा. तलवारीला जें लागतें तेंच दीड इंचाच्या पात्यालाहि लागतें. कोपऱ्यावरच्या चांभाराकडून वहाणेच्या चामड्याच्या तुकड्याचें लहानसें पाकीट शिवून घ्यावें. चामडें दुपदरी असावें, झांकणाला दाबाचें बटण असावें, आणि पात्याचें टोंक जिकडे येतें तिकडे शिवण येऊं देऊं नये. टोंक रोज घासून शिवणच प्रथम उसवतें. पाकीट जुडग्याला अडकवावें आणि ओपनर त्याच्या पोटांत मोकळा ठेवावा. म्हणजे मधल्या वेळांत पातें उघडलें तरी म्यानांतच उघडेल. कोणी म्हणेल, दीड इंचाच्या वस्तूसाठीं एवढा थाट कशाला? ज्यानें ती एकदां मांडींत रुतवून घेतली आहे तो असें म्हणत नाहीं.

म्यान नको असेल त्यानें निदान ओपनर मुख्य कडींत ओंवूं नये. खटक्याच्या लहानशा आंकड्यानें तो जुडग्याला जोडावा, म्हणजे किल्ल्या दुसऱ्याच्या हातीं देतांना तो सहज काढून ठेवतां येतो. मोटार चालविणारांनीं हें विशेषेंकरून करावें. किल्ली फिरवून सुरू होणाऱ्या मोटारींत जुडगा चालकाच्या गुडघ्याजवळ लोंबकळत असतो. गाडीला हिसका बसला तर तेथें उघडें पातें कोणालाच नको. विमानप्रवासाला निघतांना तर हा आंकडा पैशांपरी कामास येतो. धारदार वस्तु विमानांत बरोबर नेऊं देत नाहींत आणि तपासनीस ती ठेवून घेतो. ज्यानें ती कोणाची आठवण म्हणून जपली आहे त्याला तेथें हळहळण्यापलीकडे कांहीं करतां येत नाहीं. म्हणून घरून निघतांनाच ती सामानाच्या पेटींत घालावी.

आतां स्वच्छतेविषयीं, कारण तिकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. जुडगा दिवसभर नाण्यांबरोबर घासतो, दुकानाच्या फळीवर पडतो, रेल्वेच्या बाकावर पडतो. तें सारें पात्याच्या टोंकाशीं जमतें आणि पुढें तेंच टोंक आमरसाच्या डब्यांत बुडतें. हातांतील फळ धुतल्याशिवाय जो मनुष्य खात नाहीं, तोच खिशांतलें पातें तसेंच डब्यांत खुपसतो! वापरण्यापूर्वीं ओपनर साबणानें धुवावा. प्रवासांत चहाचें उकळतें पाणी मिळालें तर त्यांत बुडवावा. डब्याचें झांकणहि पुसून घ्यावें. वापरल्यावर पुन्हां धुवून, बिजागरींतील पाणी झटकून, कोरडा केल्याशिवाय तो म्यानांत घालूं नये. चामड्याच्या ओलाव्यानें त्याला गंज चढतो. बिजागरीला खाण्याच्या तेलाचा एखादा थेंब पुरे. यंत्राचें तेल अन्नांत जाण्याच्या जागीं वापरूं नये.

वापरण्याची रीत सोपी आहे. पातें काटकोनांत उघडावें, पट्टीच्या कडेची खांच डब्याच्या कांठाखालीं अडकवावी, मनगट हलकेच वळवावें कीं टोंक पत्र्यांत शिरतें. मग डबा थोडा थोडा सरकवीत टोंचे मारीत जावें. घाई केली तर पातें निसटतें. झांकण पुरतें कापून काढूं नये; शेवटचा अर्धा इंच शिल्लक ठेवावा आणि झांकण चमच्याच्या दांड्यानें वर उचलावें. शिपाई असेंच करीत, आणि त्यांत शहाणपण आहे. पूर्ण कापलेलें झांकण रसांत बुडतें, तें काढावयास बोटें आंत जातात. ओपनरच्या पात्यापेक्षां त्या झांकणाच्या दांतेरी कडेनें माणसें अधिक कापून घेतात. फुगलेला डबा हा ओपनरचा विषयच नव्हे, तो न उघडतां टाकून द्यावा.

इतकें करूनहि टोंक लागलेंच, तर जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें धुवावी आणि दाबून रक्त थांबवावें. गंजलेल्या लोखंडानेंच धनुर्वात होतो, अशी समजूत घरोघर आहे. ती अपुरी आहे. धनुर्वाताचे जंतु मातींत व धुळींत असतात. पातें लखलखीत असलें तरी जुडग्याची घाण त्याच्या टोंकावर असतेच, आणि बारीक तोंडाची खोल जखम त्या जंतूंना मानवते. तेव्हां पातें चकचकीत होतें म्हणून निश्चिंत राहूं नये. शेवटची लस केव्हां टोंचली होती हें आठवत नसेल तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

सरतेशेवटीं, बिजागरी इतकी सैल झाली कीं पक्कडीनेंहि भागत नाहीं, अशी वेळ प्रत्येक ओपनरवर येते. तो मग जुडग्यांतून काढावा. आठवण म्हणून ठेवावयाचा असेल तर काड्यापेटींत घालून कपाटांत ठेवावा. टाकावयाचा असेल तर केराच्या डब्यांत तसाच टाकूं नये, कारण तो केर हातांनीं निवडणारी एक बाई दुसऱ्या दिवशीं सकाळीं येते. जाड कागदाच्या तीन-चार घड्यांत तो गुंडाळावा, वरून दोरा बांधावा, त्यावर ठळक अक्षरांत 'आंत पातें आहे' असें लिहावें आणि तें पुडकें केरांत न मिसळतां तिच्या हातीं सांगून द्यावें.